प्रकरण अकरावे : द की ढ

रविवारी सकाळी साडेनऊला दोन्ही पात्या कारखान्यात जमल्या तेव्हा रायफल कामाच्या टेबलावर आडवी होती आणि तिच्या अंगावर पांढरी चादर पांघरलेली होती. चादर अण्णांची. अनावरण करायचं म्हणजे आधी आवरण हवं, असा त्यांचा मुद्दा होता.

“तोंड तरी उघडं ठेवायचं,” भाऊ म्हणाले. “लोकांना वाटेल, गेली.”

“दीडशे वर्षांची आहे ती. बोलताना वयाचा मान ठेव जरा.”

जिन्याच्या वाटणीनंतर दोन्ही घरं एका छपराखाली येण्याची ही पहिलीच वेळ. त्या वाटणीत सम पायऱ्या थोरल्या पातीकडे आणि विषम पायऱ्या धाकट्या पातीकडे गेल्या होत्या, त्यामुळे दोन्हीकडची माणसं अजूनही दोन-दोन पायऱ्या टाकत चढत आणि गुडघ्यांचं खापर एकमेकांवर फोडत.

अण्णा थोरल्या पातीचे प्रमुख. हयात नोंदणी कार्यालयात गेली, त्यामुळे कागदावर नसलेली गोष्ट घडली असं ते मानत नसत. भाऊ धाकट्या पातीचे प्रमुख, अण्णांचे लांबचे चुलतभाऊ. ते विमा विकत, त्यामुळे अजून न घडलेल्या गोष्टीही ते घडल्यासारख्या सांगत. दोघांचे पणजोबा सख्खे भाऊ. दोघांनी मिळून हा दुरुस्तीचा कारखाना काढला, आणि दोघांपैकी एकानं ही रायफल स्वतःच्या हातानं घडवली, यावर घरात दुमत नव्हतं. दुमत होतं ते कोणी, यावर.

पुरावा एकच. रायफलीच्या उजव्या अंगाला, घोड्याखालच्या लोखंडी पट्टीवर, एक अक्षर होतं. अर्धं झिजलेलं. थोरली पाती ते ‘द’ वाचत असे, कारण अण्णांच्या पणजोबांचं नाव द वरून होतं. धाकटी पाती ते ‘ढ’ वाचत असे, कारण भाऊंच्या पणजोबांचं नाव ढ वरून होतं. त्यापायी भाऊंना आयुष्यभर एक वाक्य ठासून सांगावं लागलं होतं, आणि ते त्यांनी एकदा भर सभेत, माईकवरून, छाती पुढे काढून सांगितलंही होतं: “आमचे पणजोबा ढ होते, आणि आम्हाला त्याचा अभिमान आहे!” टाळ्या पडल्या होत्या.

आता संग्रहालयानं नव्या दालनासाठी रायफल मागितली होती. शुक्रवारी उद्घाटन. रायफलीखाली पाटी लागणार आणि पाटीवर घडवणाऱ्याचं नाव येणार. तेव्हा दोन्ही पात्यांनी रीतसर करार केला. पाटीवर ज्याचं नाव येईल, कारखाना त्याचा किंवा त्याच्या वारसांचा. अण्णांना तिथे ध्यानकेंद्र काढायचं होतं. भाऊंना पार्किंग. दोन्ही नकाशे तयार होते आणि दोन्ही नकाशांत खिडकीजवळची एक जागा मोकळी दाखवली होती.

त्या जागी आत्याचं टेबल होतं.

आत्या म्हणजे अण्णांची धाकटी बहीण. वय एकसष्ट, घरात नाव चिमी. चाळीस वर्षं कारखाना तीच चालवत होती. शिलाई मशीन, कुलपं, वजनकाटे, पंखे, जे येईल ते. राहायची मागच्या खोलीत. पण ती मुलगी, आणि मुलींना पाती नसते, असं वाटणीच्या वेळी ठरलं होतं. त्यामुळे करारावर तिची सही घ्यायचं कोणाला सुचलं नाही. चहा तिनेच केला होता.

“चिमे, तू काळजी करू नकोस,” अण्णा म्हणाले. “ध्यानकेंद्रात तुला बसायला जागा असेल. डोळे मिटून.”

“आमच्याकडे वॉचमनची केबिन आहे,” भाऊ म्हणाले. “डोळे उघडे ठेवून.”

आत्या कप विसळायला गेली.

दहा वाजता संग्रहालयाची तज्ज्ञ बाई आली. पस्तिशीची, खांद्याला जड पेटी. अण्णांनी भाषणाचा कागद खिशातून काढून घसा साफ केला. तोवर बाईंनी चादर ओढून घडी घालून त्यांच्याच हातात दिली. भाषण अनावरणावर होतं, त्यामुळे ते तसंच खिशात परत गेलं.

बाईंनी पांढरे हातमोजे चढवले, नळीच्या तोंडाशी बारीक दिवा धरला आणि आत डोळा लावला.

“आत पीळ आहेत. म्हणजे रायफल खरी. आणि टोपीची आहे.”

“कोणाच्या टोपीची?” भाऊंनी सावधपणे विचारलं. नवा वारस निघतो की काय, या भीतीनं.

“तांब्याची टोपी. एवढीशी, वाटाण्याएवढी. ती या टोकावर बसवायची. चाप ओढला की घोडा टोपीवर आपटतो, टोपी फुटते, ठिणगी आतल्या दारूपर्यंत जाते.”

“थोडक्यात काय,” भाऊंची बायको म्हणाली, “टोपी घालायची वस्तू आहे.”

तिला सगळे काकू म्हणत. बत्तीस वर्षं ती पहिलीच्या वर्गाला शिकवत होती. भाऊंनी तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं. काकूंनी त्या डोळ्यांना, वर्गात खडू मागणाऱ्या मुलाला द्यावं तेवढंच महत्त्व दिलं.

“बाई, ते अक्षर बघा आधी,” अण्णा म्हणाले. “बाकी सगळं गौण आहे. द आहे तो.”

“ढ,” भाऊ म्हणाले.

“हा माझा भाऊ. जे आहे तेच त्याला दिसतं.”

बाईंनी भिंगातून पट्टी पाहिली. बराच वेळ पाहिली.

“हे पॉलिश कोण करतं?”

“आम्ही!” अण्णा म्हणाले. “दर महिन्याला. आमच्याकडे कपाटाची किल्ली असते तेव्हा.”

“आम्ही पंधरवड्याला,” भाऊ म्हणाले. “लिंबू लावून.”

“म्हणजे नाव शोधायला मला बोलावलंत, आणि पुसायचं काम तुमचं तुम्हीच केलंत.”

जिन्यानंतर प्रथमच दोन्ही पात्यांच्या वाट्याला एकच दोष समसमान आला होता.

काकूंनी चष्मा पुसला. पट्टीवरचं अक्षर त्यांनी लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी नीट वाचलं होतं. पहिलीची पोरं द काढताना पोट फुगवतात, ढ काढताना शेपूट विसरतात, ट आणि ठ एकाच पाटीवर भांडत बसतात. ज्या बाईनं हे बत्तीस वर्षं तपासलं तिला एक झिजलेलं अक्षर किती अवघड? पण सासरच्या अक्षराला लाल शाई लावायची नाही, एवढं त्या माहेरून शिकून आल्या होत्या. आणि आज भाऊंचं पार्किंग झालं तर त्यात पहिली गाडी काकूंच्या भावाची लागणार होती. त्यांनी पुसलेलाच चष्मा पुन्हा पुसला.

“वरून काही कळणार नाही,” बाई म्हणाल्या. “खोलावी लागेल. बनवणारे लोक खूण आत करतात. नळीच्या पोटाला, पट्टीच्या पाठीला. इथे हत्यारं कोण वापरतं?”

दोन्ही प्रमुखांनी एकाच वेळी हात वर केले आणि एकाच वेळी खाली घेतले.

“मी,” आत्या म्हणाली.

तज्ज्ञ बाईंनी पंधरा वर्षांत बऱ्याच बंदुका खोलून घेतल्या होत्या. दर वेळी तेच व्हायचं. जुन्या स्क्रूची खाच अरुंद असते, बाजारातला स्क्रू ड्रायव्हर तिच्यात बसत नाही. माणूस पाच-सहा लावून बघतो, मग जोर करतो, मग खाच फाटते, मग तो लोखंडाला नावं ठेवतो. इथे आत्यानं खण उघडला, न बघता हात घातला आणि टोक कानशीनं घासून पातळ केलेला एक स्क्रू ड्रायव्हर काढला. तो खाचेत असा बसला, जसा पाय रोजच्या चपलेत बसतो.

हिने ही आधी खोललेली आहे, बाईंच्या मनात आलं. आणि एकदा नाही.

आत्यानं आधी लाकडी दस्त्यातून आडवी पाचर ठोकून काढली. मग नळी उचलली आणि उलटी करून दिव्याखाली धरली. नळीच्या पोटाला एक बारीक मासा कोरलेला होता आणि त्यापुढे चार आकडे.

“मासा!” अण्णा पुढे झुकले. “आमच्या पणजोबांना पोहायची फार आवड.”

“आमच्यांना खायची,” भाऊ म्हणाले.

“हा ठसा एका मोठ्या कारखान्याचा आहे,” बाई म्हणाल्या. “अशा हजारो नळ्या निघाल्या तिथून. पुढचा आकडा तो. ही चार हजार सातशे बारावी. नळी करणारा एक, लाकूड कोरणारा दुसरा, कळ जुळवणारा तिसरा. त्या काळी एक रायफल आठ-दहा हातांतून जायची. तुमच्या पणजोबांपैकी कोणीही ही बनवलेली नाही. विकत घेतली असेल. जुनी.”

“जुनी?” अण्णांनी खुर्ची गाठली. “म्हणजे, सेकंडहँड?”

अण्णांच्या डोळ्यांपुढे चारशे निमंत्रणपत्रिका उभ्या राहिल्या. सोनेरी अक्षरात ‘द’ पणजोबांचं पूर्ण नाव, खाली ‘शस्त्रमहर्षी’. बुधवारीच वाटून झाल्या होत्या. त्यांना हे माहीत नव्हतं की भाऊंनीही चारशे वाटल्या आहेत, आणि त्यावर ‘ढ’ पणजोबा ‘बंदूकसम्राट’ होते.

“मग पट्टीवरचं अक्षर कुठून आलं?” भाऊंनी विचारलं. “ते काय आपोआप उगवलं?”

आत्यानं स्क्रू काढून पट्टी सुटी केली आणि बाईंनी ती उलटी केली. तिची पाठ लाकडाकडे असायची, त्यामुळे तिथे ना लिंबू पोचलं होतं ना अभिमान. तिथेही तोच ठसा होता, आणि इथलं अक्षर लख्ख होतं. बाईंनी पट्टी टेबलाच्या मध्यावर ठेवली. सगळे वाकले.

“द,” अण्णा म्हणाले, पण आवाजात जीव नव्हता. “खाली काहीतरी लोंबतंय, पण द.”

“ते लोंबतंय तेच तर ढ चं—” भाऊंनी सुरुवात केली.

“पुरे!” काकू म्हणाल्या.

हा वर्गातला आवाज होता. अण्णांची पाठ आपोआप ताठ झाली.

“उकार आहे तो. द ला पहिला उकार. दु. पुढे टिंब. वाचा सगळ्यांनी मोठ्यानं.”

“दु,” दोन्ही पात्या म्हणाल्या.

आणि मग, कोणी सांगितलं नसताना, सगळ्यांच्या माना वर गेल्या. छताच्या पंख्याच्या पात्यावर ठसा होता: दु. कोपऱ्यातल्या वजनकाट्यावर, दु. ज्या खुर्चीत अण्णा बसले होते तिच्या पायावर, दु. दोन्ही घरांतल्या कुकरच्या झाकणांवर, शेजारपाजारच्या प्रत्येक शिलाई मशीनवर, भाऊंच्या स्कूटरच्या किकवर तोच ठसा होता. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक वस्तूवर पणजोबांच्या काळापासून तो मारायची पद्धत होती, आणि त्याचा अर्थ या घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होता.

“दुरुस्त,” आत्या म्हणाली. “दुसरं काय?”

“आणि हा उकार बघा, तुटका आहे,” बाई म्हणाल्या. पंख्याकडे, मग काट्याकडे, मग पट्टीकडे बघत. “सगळीकडे एकाच जागी तुटलाय. हा ठसा कधी तुटला?”

“माझ्या हातून पडला. अठ्ठावीस वर्षं झाली. तोच वापरते.”

“म्हणजे ही पट्टी...”

“मी केलीय. जुनी चिरली होती.”

भाऊ अचानक खिडकीबाहेर बघू लागले. खिडकीबाहेर भिंत होती.

“अठ्ठावीस वर्षं?” अण्णा म्हणाले. “पण आपलं भांडण तर त्याच्याआधीचं आहे! माझे वडील भांडले, यांचे वडील भांडले!”

“तेव्हा तिथे ओरखडा होता, अण्णा. आडवा. तुम्ही लोक तो वाचायचात.”

भांडण अक्षराहून जुनं निघालं होतं. दरम्यान बाईंनी एकेक भाग दिव्याखाली आणला. घोड्याच्या बुडाला दु. चापाच्या बगलेत दु. आतल्या कमानीवर, म्हणजे स्प्रिंगवर, टोपी बसते त्या टोकावर, तिन्ही स्क्रूंच्या टाळक्यांवर, पाचरीवर, दारू ठासायच्या गजाच्या टोपणावर. सगळे तुटक्या उकाराचे.

“घोडा कशानं मोडला होता?” बाईंनी विचारलं.

आत्यानं स्क्रू ड्रायव्हर पुसायला घेतला. अण्णांनी उगाच छताच्या बंद पंख्याला किती पाती आहेत ते मोजलं.

“वन्सं, सांगा ना,” काकू म्हणाल्या. “आम्हालाही कळू दे.”

“शपथ घातलीय मला.”

“कोणी?”

“दोघांनी. वेगवेगळी.”

“मी पाहुण्यांना दाखवायला दोनचार वेळा रिकामा चाप ओढला असेल,” अण्णा म्हणाले. “त्यात काय एवढं?”

“अकरा वेळा घोडा आणलात,” आत्या म्हणाली. “स्वतः कबूल केलंत, म्हणून सांगते.”

“अकरा!” भाऊ गरजले. “घराण्याची वस्तू, आणि हा माणूस अकरा वेळा—”

“भाऊ, कमान नऊ वेळा. आणि पट्टी तुम्ही साखरपुड्याच्या फोटोसाठी खांद्यावर घेतली होती आणि मागे फिरलात, तेव्हाची.”

काकूंना तो फोटो आठवला. फोटोत भाऊंच्या खांद्यावर काहीच नव्हतं आणि भाऊ रडवेले दिसत होते. आपल्याला बघून मन भरून आलं असेल, असं त्या अठ्ठावीस वर्षं समजत होत्या.

“वन्सं,” त्या म्हणाल्या, “तुम्ही हे इतकी वर्षं बोलला का नाहीत? हे दोघं त्या अक्षरावरून कोर्टात जायचे राहिले होते.”

“मला वाटायचं, गंमत करताहेत. दु सगळ्यांनाच वाचता येतो.” आत्यानं हात पुसले. “आणि मला विचारलं कोणी?”

तज्ज्ञ बाईंनी वही उघडली होती. पाटीवर ‘घडवणारा’ असा रकाना होता आणि तो रिकामा सोडायची सोय नव्हती. त्यांनी पेन आत्याकडे वळवलं.

“मावशी, सरळ सांगते. नळी आणि लाकूड सोडलं तर ही रायफल तुमची आहे. तुमचं नाव घालू?”

याचा अर्थ सर्वात आधी काकूंच्या ध्यानात आला. करारात लिहिलं होतं, पाटीवर ज्याचं नाव येईल, कारखाना त्याचा किंवा त्याच्या वारसांचा. आत्यानं नुसतं हो म्हणायचं होतं. अण्णांच्याही ते ध्यानात आलं, कारण करार त्यांच्याच अक्षरात होता.

आत्याच्याही ध्यानात आलं होतं. तिनं खिडकीजवळच्या टेबलाकडे पाहिलं. टेबलाच्या कडेला तिच्या मनगटाखाली चाळीस वर्षांत एक खोलगट वाटी पडली होती. आत्ता हो म्हटलं की ती वाटी आपली. पण हो म्हणायचं म्हणजे बनवली म्हणायचं, आणि दुसऱ्याच्या कामाला आपलं म्हणायचं, हे या घरात दोघंजण करत होतेच.

“नको,” ती म्हणाली. “मी बनवली नाही. मोडली तेव्हा दुरुस्त केली. मासेवाल्याचं नाव मिळालं तर त्याचं घाला.”

अण्णांनी आणि भाऊंनी एकदमच सुस्कारा सोडला. “वा! याला म्हणतात घराण्याचे संस्कार,” अण्णा म्हणाले. भाऊंनी तर बहिणीच्या मोठेपणावर दोन शब्द बोलायची तयारी केली, आणि बोलता बोलता पार्किंगचा नकाशाही उलगडायला घेतला.

आत्यानं खणातून जाड कापडाची एक पिशवी काढली. तिच्यात घोडा टाकला. मग चाप. मग कमान, पट्टी, टोपी बसायचं टोक, तीन स्क्रू आणि पाचर. गजाचं टोपण पिळून काढलं, तेही टाकलं आणि गज नळीत सरकवून ठेवला.

“हे काय चाललंय, चिमे?”

“माझं तेवढं घेतेय. कोणी पैसे दिले नव्हते, त्यामुळे वस्तू माझ्याच आहेत. उरलेली रायफल तुमच्या पणजोबांनी आणली तशी आहे. वाटून घ्या.”

टेबलावर एक नळी आणि एक लाकूड उरलं. अण्णा नळीकडे सरकले, कारण नळी थोरली. भाऊंनी लाकूड धरलं. मग दोघांनी हातातल्या वस्तूंकडे पाहिलं. एकाच्या हातात पाण्याचा पाइप होता आणि दुसऱ्याच्या हातात खुर्चीचा तुटका पाय.

“शुक्रवारी आठशे माणसं येणार आहेत,” भाऊ हळूच म्हणाले.

“चारशे,” अण्णा म्हणाले.

“आठशे. चारशे मी बोलावलीत.”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि दोघांना एकाच वेळी ‘शस्त्रमहर्षी’ आणि ‘बंदूकसम्राट’ एका मांडवात समोरासमोर दिसले, मध्ये एक पाइप.

“असं सुटं मला नेता येणार नाही,” बाईंनी वही मिटली. “सगळी जुळलेली हवी. पाटीवर मी ‘घडवणारा अज्ञात’ लिहीन, खाली ‘या कारखान्यात वेळोवेळी दुरुस्त’. ते खरं आहे आणि मला ते आवडलंय. पण जुळलेली हवी.”

“चिमे,” अण्णा मऊ आवाजात म्हणाले, “बसवायला किती वेळ लागेल?”

“ते कारखाना कोणाचा आहे त्यावर.”

मग काकू उठल्या, भाऊंच्या हातातून नकाशा घेतला, उलटा केला आणि कोरी बाजू अण्णांपुढे ठेवली.

“भावजी, लिहा.”

“काय लिहू?”

“दोन्ही पात्यांच्या वतीनं कारखाना वन्संचा. आज, आत्ता, कायमचा. शुद्धलेखन मी बघते.”

“अगं, तू कोणाच्या पातीची?” भाऊ कळवळले.

“पातीपातीनं कांदा निवडतात. सही करा.”

अण्णांनी लिहिलं. नोंदणी कार्यालयात छत्तीस वर्षांत त्यांनी इतकं सुवाच्य कधी लिहिलं नसेल. भाऊंनी सही केली. साक्षीदार म्हणून तज्ज्ञ बाईंनी हातमोजा काढून सही केली. काकूंनी एक वेलांटी दुरुस्त केली आणि कागद आत्याला दिला. आत्यानं तो दोनदा वाचला, घडी घालून पोलक्यात ठेवला आणि शटर वर ढकललं.

बाहेर रांग होती. सकाळपासून बंद शटरापुढे लोक ताटकळले होते. शिलाई मशीनवाला, हातात कुलूप घेतलेली एक बाई, पंखा पोटाशी धरलेला एक म्हातारा, आणि आणखी पाच. सगळे आत आले आणि भिंतीजवळच्या बाकावर टेकले.

“चला, लाव पटकन,” अण्णा हातातली नळी पुढे करत म्हणाले.

आत्यानं खिडकीजवळची खुर्ची ओढली, चष्मा लावला आणि रांगेवरून बोट फिरवत मोजलं.

“तुमचा नंबर नववा,” ती म्हणाली. “बसा.”

बाकावर जागा कमी होती. अण्णा आणि भाऊ अंग चोरून, मांडीला मांडी लावून बसले, आणि तरीही पंखेवाल्या म्हाताऱ्यानं त्यांना आणखी थोडं सरकायला सांगितलं.